कडांची परात

"कडा कुणाला हव्यात गं?"

किती वर्षं झाली, तरी हा आवाज कानात ताजा आहे. दुकानाच्या मागच्या दाराची वरची फळी उघडायची. आधी भाजल्या साखरेचा वास बाहेर यायचा, मग मैद्यानं पांढरा झालेला हात, आणि हातामागून आत्याचा आवाज. शाळेतून परतताना आम्ही पोरं मुद्दाम त्या बोळातून वळायचो. कागदाच्या पुडीत केकच्या कापलेल्या कडा मिळायच्या. बाहेरून तपकिरी, चिवट. आतून जावळासारख्या मऊ. काचेच्या कपाटातला केक कुणाकुणाच्या वाढदिवसाचा असायचा, कडा मात्र आमच्या. बोळातली पोरं तिला कडाआत्या म्हणत. माझी ती खरी आत्या, वडिलांची थोरली बहीण, म्हणून माझ्या पुडीत एक कड जास्त असायची आणि मी ती कुणाला दाखवायची नाही.

पुढे कडा मिळायच्या बंद झाल्या. आत्यानं त्यांना दुसरं घर शोधलं होतं.

आतोबांची भट्टी आणि आत्याचं टेबल, या दोन खांबांवर ते दुकान उभं. आतोबा केक भाजायचे आणि त्यांचा प्रत्येक केक मधोमध फुगून यायचा, पोट सुटल्यासारखा. त्यांच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, नक्षीसाठी सपाटी लागायची. लांब दातेरी सुरी आडवी धरून ती केकचा माथा उडवायची आणि म्हणायची, "बाबा, हा केक आहे की टेकडी?"

"अगं, टेकडीवर हवा चांगली लागते," आतोबा भट्टीतून मान न काढता म्हणायचे.

उडवलेले माथे, सोललेल्या कडा, साच्याला चिकटलेले कोपरे, सगळं आत्याच्या तीन डब्यांत जायचं. पांढऱ्याचा एक, काळ्याचा एक, पिवळ्या लिंबू केकचा एक. त्यातून ती गोळे करायची. केकचा चुरा, त्याला धरून ठेवण्यापुरतं क्रीम, वरून चॉकलेटचं कवच. गिऱ्हाईक मोठ्या केकसाठी दुकानात यायचं आणि गोळ्यांसाठी परत यायचं.

वाचताना हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

गेल्या थंडीत आत्याला मोठा ताप आला. त्याच सुमारास माझी नोकरी गेली होती. छापखान्यात प्रुफं तपासायची नोकरी, ती छापखान्यासकट गेली. मी आत्याच्या उशाशी बसायला आले, ताप उतरला, ती उठून टेबलाशी गेली, आणि तिच्यामागे मी गेले ती तिथंच राहिले. घरी परतायला कारण नव्हतं. इथं राहायलाही तसं नव्हतं, पण इथं आत्याचे हात बघायला मिळत होते.

काय सांगू त्या हातांबद्दल! दोन्ही तळव्यांत कडा घेऊन ती त्या अशा चोळायची की चुरा रवाळ पडायचा आणि एकही गाठ मागं राहायची नाही. करपलेली कड बोटाला कळायची. न बघता ती बाजूला पडायची. वाळलेला माथा आणि ओलसर मधला तुकडा ती शेजारी शेजारी बसवायची, एकाची कोरड दुसऱ्याच्या ओलीनं भागवायची. मग क्रीम. तेही चमच्याच्या टोकानं.

"क्रीमनं ओळख करून द्यायची आणि निघून जायचं," ती सांगायची. "संसारात मधे बसायचं नाही. क्रीम जास्त झालं की केक मरतो, नुसतं कच्चं पीठ हाती येतं."

मूठ मिटायची, उघडायची. मुठीत गोळा उभा राहिला पाहिजे. त्याला अंगठा टोचला की सरळ दोन तुकडे व्हायला हवेत. चुरा सांडला तर कोरडा, अंगठा रुतला तर ओला. वळलेले गोळे फ्रीजमध्ये जायचे आणि केव्हा बाहेर काढायचे हे घड्याळ ठरवायचं नाही. एक गोळा उचलून ती मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर टेकवायची. फार गार असेल तर चॉकलेटला तडा जातो. कोमट असेल तर गोळा काट्यावरून सुटतो आणि वितळल्या चॉकलेटात बुडी मारतो. नाडीला पटलं की ती "हं" म्हणायची. मग काट्यावर गोळा, चॉकलेटात एक डुबकी, भांड्याच्या काठावर काट्याची टकटक, जास्तीचं निथळलं की हलकेच कागदावर. गोळ्याखाली चॉकलेट साचून त्याला पाय फुटू नयेत म्हणून काटा काढताना ती मनगट असं फिरवायची, जशी झोपलेल्या बाळाच्या मानेखालून आई हात काढते.

वाळलेला पहिला गोळा ती दातांत धरून फोडायची आणि डोळे मिटून ऐकायची. हो, ऐकायची. "टक् झालं की नाही? मग झालं."

तापातून उठल्यावर तर तिच्या हातांना जणू डोळे फुटले होते. आतोबाच म्हणायचे, "ताप हिला आला, आणि हात तापून निघाले."

चोळता चोळता ती गुणगुणायची. शब्द तिचेच असायचे. दळणाऱ्या बायकांच्या चालीवर बसवलेले.

*कडा गं कापिल्या, मधल्याला मान*
*कडांची गं जाण, परातीला*

एक ओळ तिची झाली की भट्टीमागून आतोबा मुद्दाम भसाड्या आवाजात दुसरी जोडायचे:

*भट्टीशी उभा गं, घामानं भिजला*
*कुणी ना पुसला, भट्टीवाला*

"पुसायला हात रिकामा नाही," आत्या म्हणायची. दुकानात रोज हे चालायचं आणि रोज नवं वाटायचं.

त्या दुकानात ज्याचं त्याचं काम ठरलेलं होतं. भट्टी आतोबांची, क्रीमचा कोन वहिनीचा, परात आत्याची. मी गोळे वळायची. वळणं म्हणजे काय, कुणीही वळेल. मला हवी होती परात. कुठल्या कडा किती, क्रीम केव्हा थांबवायचं, कॉफीचा थेंब टाकायचा की लिंबाची साल, हे मिसळणं मला हवं होतं. कारण ते आलं असतं तर मी त्या दुकानाची झाले असते. नाहीतर मी आजारी आत्याला भेटायला आलेली आणि जायचं विसरलेली भाची होते, एवढंच.

आत्या मला परात देत नव्हती.

गंमत म्हणजे प्रत्येक वेळी ती मला चाखायला लावायची. मिश्रण जमत आलं की आधी स्वतः चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, मान हलवायची, आणि मग चिमूट माझ्यापुढे करायची.

"सांग, काय कमी आहे?"

मी नीट चाखायची. "लिंबू."

"रस की साल?"

"साल. अगदी जराशी. रसानं पाणी सुटेल."

"बरोबर," ती म्हणायची आणि साल किसायची. "आता?"

"आता थोडं मीठ."

"किती?"

"दोन बोटांत येईल तेवढं."

ती तेवढंच टाकायची. मी हात पुसून पुढे व्हायची. "आता मी मिसळू?"

"अजून नाही."

परीक्षा रोज, निकाल कधीच नाही. माझं एक उत्तर चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान कारण कळलं असतं. वहिनीनं एकदा कोनातून गुलाबाची पाकळी काढता काढता विचारलं, "नणंदबाई, तुमच्यात असं काय कमी आहे हो, की सासूबाई परातीला हात लावू देत नाहीत?"

"तेच तर," मी म्हटलं, "काय कमी आहे ते रोज मलाच विचारतात."

ती इतकी हसली की पाकळीचं पान झालं.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंना त्या वेळी काउंटरवर माणूस हवं होतं. त्या गोळे न्यायला यायच्या, तशा आल्या आणि म्हणाल्या, "तू प्रुफं वाचायचीस ना? मग डॉक्टरांचं अक्षर तुला काय जड आहे! एक दिवस येऊन बस. आवडलं तर राहा." मी आत्याकडे बघितलं. ती चाळणी आपटत होती, जोरात, गरज नसताना. राहा म्हणाली नाही. मला त्याचं वाईट वाटलं. मी बाईंना म्हटलं, "येते."

त्याच आठवड्यात लग्नाचं काम आलं. मुलगी पोहायला शिकवणारी, मुलगा घड्याळं दुरुस्त करणारा. दोघं शेजारी उभी राहून केकची चित्रं बघत होती आणि आतोबा आम्हांला ऐकू येईल असं पुटपुटले, "उत्तम जोडा. एक बुडू देणार नाही, दुसरा उशीर होऊ देणार नाही."

त्यांना तीन मजली लिंबू केक हवा होता. मुलगी जरा संकोचून म्हणाली, "पाहुणे खूप आहेत. केक कापून सगळ्यांपर्यंत जाईतो मागचे कंटाळून निघून जातात. माझ्या बहिणीच्या लग्नात तसंच झालं. तिची शिक्षिका केक न खाताच गेली."

आत्या परातीवरून उठून पुढे आली. "त्याच केकच्या कडांचे गोळे करून देते. दारातच प्रत्येकाच्या हातावर एक ठेवायचा. मधला भाग तुमचा, कडा पाहुण्यांच्या. पण केक एकच. जो आला त्यानं तुमचा केक खाल्ला."

मुलीचा चेहरा असा उजळला, जसा पाण्यातून वर आल्यावर उजळत असेल. "त्याच केकच्या? नक्की?"

"शब्द आहे माझा," आत्या म्हणाली.

मला तेव्हा आत्याचा केवढा अभिमान वाटला! उरलंसुरलं म्हणून जे जग झाडून टाकतं त्यातून तिनं शेवटच्या रांगेतल्या माणसाचा मान काढला होता.

नेमका लग्नाचाच दिवस औषधवाल्या बाईंनी मला दिला होता. दुपारपर्यंत मी काउंटरवर बसले. खोकल्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, कुणाचं तरी न लागणारं अक्षर. काम वाईट नव्हतं. बाई निघताना म्हणाल्या, "उद्यापासून?" मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते." आणि पावलं आपोआप बोळाकडे वळली.

मागच्या दारानं आत आले तर वहिनी पुढच्या गार खोलीत केकशी झटत होती. तिन्ही थर अजून उघडे होते, क्रीम न लावलेले. आतोबा अंडी आणायला गेले होते. आत्याच्या टेबलावर ट्रेच्या ट्रे वळलेले गोळे, एकसारखे, पिवळे, गुळगुळीत. कोमट पाण्यावर चॉकलेट वितळत होतं. आत्या ट्रेच्या कडा पुसत होती.

"आलीस?" तिचा आवाज मला जरा घाईचा वाटला. "आधी हात धू. आणि एक चाखून बघ बरं."

मी गोळा तोंडात टाकला. आधी लिंबू आलं, छान, ओळखीचं. त्यामागून चीज आलं. आणि चीजमागून मिरपूड येऊन तिनं घसा धरला.

"आत्या!" मला ठसका लागला. "हे काय आहे?"

"का? काय कमी आहे?"

"कमी काही नाही गं, जास्त आहे! मिरपूड आहे यात!"

वहिनी धावत आली. तिनं एक गोळा फोडला, हुंगला, खाल्ला आणि दुसऱ्या ट्रेमधला उचलून तोही खाल्ला. तेवढ्यात आतोबा अंड्यांचे ट्रे छातीशी धरून दारात आले. आमचे चेहरे बघितले, गोळे बघितले, टेबलाखालच्या पिवळ्या डब्याकडे बघितलं आणि अंडी हळूच खाली ठेवली. न जाणो, हातातून पडायची.

"तो डबा..." ते म्हणाले. "काल मी एक खारा केक करून बघितला. चीज आणि मिरपुडीचा. त्याचा माथा कापला आणि... रंग पिवळाच होता ना गं."

आतोबांना असे प्रयोग करायची खोड. आणि आत्याच्या शिस्तीत एवढे दिवस राहिल्यामुळे माथा दिसला की डब्यात टाकायची सवय. रंग बघून टाकला, सोपं काम. आत्यानं दोन्हींचा चुरा एकत्र चोळला होता आणि तो असा एकजीव केला होता की डोळ्यांनी कुणालाही कळलं नसतं.

पण आत्या तर चाखते. दर वेळी चाखते.

तो प्रश्न खोलीत आला आणि आम्ही तिघांनी तो घाईघाईनं बाहेर हाकलला.

"चूक माझी," आतोबा म्हणाले. "डबा मी बिघडवला."

"चूक माझी," वहिनी म्हणाली. "आईंनी मला हाक मारली होती, ये, चाखून जा म्हणून. माझ्या दोन्ही हातांत कोन होते. मी म्हटलं, आई, तुमची चव म्हणजे शेवटचा शब्द, मी काय वेगळं सांगणार!"

"आज घाई होती," मी म्हटलं. "चाखायचं राहिलं असेल, आत्या."

आम्ही तिघांनी तिच्यापुढे तीन छत्र्या धरल्या होत्या. तिनं एकेकीकडे बघितलं आणि एकही घेतली नाही.

"चाखलं होतं मी," ती म्हणाली. मग परात उचलून घासायला गेली. नळाखाली तिची पाठ आमच्याकडे होती आणि तिला परात घासायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

परत आली ती बाही सारून.

"नवा केक टाकतो," आतोबा म्हणाले. "भट्टी तापलेलीच आहे."

"त्याच केकचे हवेत. मी शब्द दिलाय त्या पोरीला." ती गार खोलीत गेली. तिन्ही थरांभोवती फिरली. बोटाचं पेर केकच्या काठाला लावून बघितलं. "सूनबाई, प्रत्येक थराची कड अजून बोटभर आत घे."

वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं ते थर मोजूनमापून, एकावर एक बसतील असे घडवले होते. "आई, केक बारीक होईल हो."

"बारीक झाला तर उंच दिसेल. तुझी नक्षी वर चढेल, पसरणार नाही. बघ तर खरं."

वहिनीनं डोळे बारीक केले, मान तिरकी केली, मनातल्या मनात केक सोलून बघितला. आणि सुरी उचलली. "दिसेल हो," ती कबूल झाली. "मला आधी का नाही सुचलं?"

"मला तरी कुठं सुचलं होतं?" आत्या म्हणाली.

ताज्या कडांच्या लांब पट्ट्या परातीत पडू लागल्या. त्या फारच ओल्या होत्या. आत्यानं थोड्या पट्ट्या आतोबांच्या हाती दिल्या. "नुसता ओलावा उडवा. रंग बदलायच्या आत काढा." त्यांनी भट्टीच्या तोंडाशीच उभं राहून त्या फिरवून काढल्या, लहान मुलाचं अंग पुसावं तशा. कोरड्या आणि ओल्या कडा पुन्हा शेजारी शेजारी बसल्या. आत्याचे हात चालू लागले आणि या वेळी तिनं स्वतः चिमूट तोंडात टाकली नाही. सरळ माझ्यापुढे केली.

"सांग."

"साल हवी."

"सांग."

"अजून थोडी. आता बास. क्रीम नको, आत्या, क्रीम नको. मीठ."

"मूठ?"

"उभी राहते."

"सांग."

"हाच," मी म्हटलं. "हाच आहे तो केक."

तिचे हात आणि माझी जीभ, मधे दुसरं काही नाही. मी असं काम कधी केलं नव्हतं आणि कुणी केलेलं बघितलंही नव्हतं. चुरा तिच्या तळव्यांखाली जमत होता, उलगडत होता, आणि मी शब्द उच्चारायच्या आत तिची बोटं तिकडे निघालेली असायची. गोळे खेळायच्या मोठ्या गोटीएवढेच झाले, कारण कडाच तेवढ्या होत्या. पण प्रत्येकाच्या वाट्याला येतील इतके झाले. नाडीवर टेकवले गेले, डुबकी मारून आले, टकटक झाली, कागदावर बसले. आत्यानं एक दातांत फोडला, ऐकलं. "हं."

आतोबा आणि वहिनी केक घेऊन गेले आणि ऊन उतरता उतरता परत आले. वहिनीचे गाल लाल झाले होते. "आई, लोक केकचा फोटो काढत होते आणि म्हणत होते, केवढा उंच! आणि ती शिक्षिका आली होती, बहिणीच्या लग्नात उपाशी गेलेली. दारातच गोळा खाल्ला आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली. नवरी बघून हसत सुटली."

आत्या हसली. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघून मला वाटलं, या बाईसारखं एक काम जरी माझ्या हातून झालं तरी जन्म पुरेसा आहे. आणि हेही वाटलं की ते काम इथं माझ्या हाती यायचं नाही.

चहा झाला. चहाबरोबर काय, तर ते खारे-गोड गोळे. टाकून देणं आत्याच्या घराण्यात नव्हतं. आतोबांनी ते दाबून चपटे केले, भट्टीत कुरकुरीत भाजले आणि बशीत मांडून आणले.

त्यांनीच पहिला घास घेतला आणि बराच वेळ विचार केला. "हे अगदी माझ्या मेव्हण्यासारखं आहे. आधी गोड बोलतं, मग घसा धरतं."

"आतोबा, तुमचा मेव्हणा म्हणजे माझे बाबा," मी म्हटलं.

"म्हणूनच नाव घेतलं नाही."

वहिनीनं एक खाल्ला, तोंड वाकडं केलं, पाणी प्यायली आणि दुसरा उचलला. "वाईट आहे. पण थांबवत नाही." मीही तोंड वाकडं करून दुसरा घेतला. आत्या आपली शांतपणे खात होती, एका लयीत, बिस्किट खावं तशी.

मी कप खाली ठेवला. "आत्या, औषधवाल्या बाईंना आज उत्तर द्यायचं आहे. मी उद्यापासून तिकडे जाते."

"हॅ!" आतोबा म्हणाले. "खोकल्याच्या बाटल्या विकणार? आजच्या दिवशी?"

"का जातेस?" आत्यानं विचारलं.

"तू मला परात देत नाहीस म्हणून." हे इतकं सरळ तोंडातून निघेल असं मला वाटलं नव्हतं. "रोज विचारतेस, मी रोज सांगते, तू रोज बरोबर म्हणतेस, आणि रोज अजून नाही. माझं काय चुकतं तेवढं सांग. ते सांगितलंस तर मी राहीन आणि शिकेन. नाही सांगितलंस तर मी वळत बसून काय करू?"

भट्टी निवता निवता पत्र्याचा कडकड आवाज करत होती. वहिनीला तो ताण सोसवेना, ती हसून म्हणाली, "काहीही म्हणा, आपण सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. आईंनी नाही केलं. आई, तुम्हांला आवडले की काय हे?"

आत्यानं हातातला अर्धा गोळा बशीत ठेवला. बोटांना लागलेला चुरा झटकला नाही, त्याच्याकडे बघत राहिली.

"मला काय माहीत?" ती म्हणाली.

"म्हणजे?" आतोबांनी विचारलं.

"गोड आहे की तिखट आहे, मला कुठं कळतंय! तुम्ही तोंडं वाकडी केलीत म्हणून समजलं की तिखट असणार. तो ताप गेला ना, तो माझी चव घेऊन गेला. वासही घेऊन गेला. तोंडात घातलं की ओलं कळतं, कोरडं कळतं, गार-कोमट कळतं. पुढे नुसता अंधार आहे."

आतोबा उठून तिच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. "आणि मला बोलली नाहीस?"

"कसं बोलू? जो येतो तो म्हणतो, तुमची चव म्हणजे शेवटचा शब्द. रोज कुणीतरी म्हणतं. मग तोंड उघडवेना हो."

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही.

"तुझं काही चुकत नाही, पोरी. मी तुला शिकवायला विचारत नव्हते. मला खरंच माहीत नसायचं. तू लिंबू म्हणालीस की मी लिंबू किसायचे, तू बास म्हणालीस की थांबायचे. तू आल्यापासून ती परात तूच मिसळते आहेस, आणि लोक शाबासकी मला देतात. तुला खरोखर हातात दिली असती, तर या टेबलाशी मी कोण म्हणून उभी राहणार होते? तेवढ्यासाठी अजून नाही, अजून नाही म्हणत राहिले. भ्याले गं मी."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं मान हलवून मला थांबवलं, आणि चुऱ्यानं माखलेले दोन्ही तळवे माझ्यापुढे पालथे-उताणे करून धरले.

"हात मात्र अजून चांगले आहेत माझे," ती म्हणाली. "तेवढे ठेवून घेशील का?"